हॉलिवुडविषयक स्मरणरंजन

हॉलिवुडविषयक स्मरणरंजन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जुने चित्रपट, त्यांतील नामवंत नट-नटी आणि दूरचित्रवाणीच्या आरंभकाळातील करमणुकीचे कार्यक्रम यांविषयी नंतरच्या प्रेक्षकवर्गात निर्माण झालेली ओढ, तसेच तिच्यातून उदयास आलेले पुनःप्रदर्शन, संग्रह, जतन इ. व्यवहार यांचा या संज्ञेत समावेश होतो. सामान्यतः १९२० ते १९६० हा हॉलिवुडचा, तर १९४८ ते १९६० हा अमेरिकन दूरचित्रवाणीचा सुवर्णकाळ मानला जातो. ही ओढ केवळ वृद्ध प्रेक्षकांच्या तारुण्यातील आठवणींपुरती मर्यादित नाही. ते चित्रपट प्रथम प्रदर्शित झाले, तेव्हा जन्मासही न आलेल्या पिढ्यांतही ती ठळकपणे आढळते. याचे प्रमुख कारण दूरचित्रवाणी हे होय. ज्या माध्यमामुळे हॉलिवुडचा जुना व्यवसाय मोडकळीस आला, त्याच माध्यमाने त्या व्यवसायाची स्मृती घरोघरी पोहोचविली. मात्र कोणते चित्रपट आणि कोणते कलावंत लोकांच्या स्मरणात राहिले, हे त्यांच्या गुणवत्तेइतकेच हक्कांची खरेदी-विक्री, कायद्यातील तरतुदी आणि फिल्मचे जतन यांवर अवलंबून राहिले.

यूरोपीय भाषांत या भावनेस रूढ असलेला ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात १६८८ मध्ये प्रथम योजला. ‘परत येणे’ व ‘वेदना’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो सिद्ध झाला असून मायदेशापासून दूर राहणाऱ्यांना जडणारा विकार, असा त्याचा मूळ अर्थ होता. विसाव्या शतकात दुरावलेल्या स्थळाऐवजी दुरावलेल्या काळाची ओढ हा अर्थ त्यास प्राप्त झाला. मराठीत त्यासाठी स्मरणरंजन हा शब्द रूढ आहे.

तारकापद्धती : आरंभीच्या अमेरिकन मूकपटांत नटनटींची नावे दिली जात नसत. नाव झाले म्हणजे कलावंत अधिक वेतन मागतील, ही निर्मात्यांची भीती त्यामागे होती. ‘बायोग्राफ’ या संस्थेच्या चित्रपटांतून लोकप्रिय झालेली फ्लॉरेन्स लॉरेन्स ही प्रेक्षकांना ‘बायोग्राफ गर्ल’ एवढ्याच नावाने ठाऊक होती. कार्ल लेमली या निर्मात्याने तिला आपल्या संस्थेत घेतले आणि १९१० मध्ये तिच्या निधनाची खोटी वार्ता व पाठोपाठ तिचे खंडन अशी जाहिरात करून तिचे नाव सर्वतोमुखी केले. तारकापद्धतीचा आरंभ सामान्यतः या घटनेपासून मानण्यात येतो. मेरी पिकफर्ड (१८९२–१९७९), डग्लस फेअरबँक्स (१८८३–१९३९) व चार्ली चॅप्लिन (१८८९–१९७७) यांची लोकप्रियता पुढे एवढी वाढली, की दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याच्यासह त्यांनी १९१९ मध्ये ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही स्वतःची वितरणसंस्था स्थापन केली.

१९२७ मधील ‘द जॅझ सिंगर’ नंतर बोलपटांचे युग सुरू झाले. मेट्रो-गोल्डविन-मायर, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, ट्‌वेंटिएथ सेंचुरी-फॉक्स आणि आरकेओ या पाच मोठ्या संस्थांच्या हाती निर्मिती, वितरण व प्रदर्शन ही तिन्ही अंगे एकवटली. कलावंतांशी सामान्यतः सात वर्षांचा करार केला जाई. त्यांचे नाव, वेशभूषा, मुलाखती, इतकेच नव्हे तर त्यांचे खाजगी जीवनही संस्थेच्या प्रसिद्धिविभागाच्या देखरेखीखाली असे. आर्चिबाल्ड लीच याचा केरी ग्रँट, ल्यूसिल लस्यूर हिची जोन क्रॉफर्ड आणि फ्रान्सिस गम हिची जूडी गार्लंड झाली. मुंबई येथे जन्मलेल्या मर्ल ओबेरॉन (१९११–७९) या अभिनेत्रीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ती मिश्रवंशीय होती. परंतु ही गोष्ट उघड झाली असती, तर त्या काळी तिला नायिकेच्या भूमिका मिळणे दुरापास्त झाले असते. म्हणून ऑस्ट्रेलियातील टास्मानिया हे तिचे जन्मस्थान असल्याचे सांगण्यात आले. ‘वुदरिंग हाइट्स’ (१९३९) या चित्रपटाची ही नायिका मुंबईची होती, हे सत्य तिच्या मृत्यूनंतरच सर्वांस ज्ञात झाले.

भूमिका नाकारणाऱ्या कलावंतास निलंबित करून निलंबनाचा काळ कराराच्या मुदतीत मिळविण्याची प्रथा होती. तीविरुद्ध ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड (१९१६–२०२०) हिने वॉर्नर ब्रदर्सवर दावा लावला. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने डिसेंबर १९४४ मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला. सात वर्षे ही दिनदर्शिकेप्रमाणेच मोजावीत, असा दंडक त्यामुळे प्रस्थापित झाला. पुढे ज्या काळास सुवर्णकाळ म्हणून गौरविण्यात आले, तो कलावंतांच्या दृष्टीने बऱ्याच अंशी बंधनाचा काळ होता, हे यावरून दिसून येते.

ऱ्हास व दूरचित्रवाणीचा उदय : १९४६ मध्ये अमेरिकेत दर आठवड्यास सु. ९ कोटी लोक चित्रपट पाहत असत, असा अंदाज आहे. पुढील दहा वर्षांत ही संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. नगरांबाहेरील वसाहतींत झालेले स्थलांतर, १९४७ पासून डाव्या विचारांच्या कलावंतांवर घातला गेलेला बहिष्कार आणि मोठ्या संस्थांनी आपली चित्रपटगृहे निर्मितिव्यवसायापासून अलग करावीत, या दिशेने सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिलेला निर्णय ही त्याची काही कारणे होत. त्यांत दूरचित्रवाणीची भर पडली. १९५० मध्ये सु. ९ टक्के अमेरिकन घरांत दूरचित्रवाणी संच होता. १९६० मध्ये हे प्रमाण सु. ८७ टक्के झाले.

निर्मितिसंस्थांनी आरंभी आपले चित्रपट या प्रतिस्पर्धी माध्यमास देण्याचे नाकारले. त्यामुळे प्रक्षेपण-केंद्रांना ब्रिटिश चित्रपट आणि कमी खर्चात काढलेले अश्वारूढ नायकांचे साहसपट यांवर भागवावे लागे. ‘हॉपअलाँग कॅसिडी’ या नायकाची भूमिका करणारा विल्यम बॉइड (१८९५–१९७२) याने आपल्या जुन्या चित्रपटांचे हक्क स्वतः विकत घेतले. १९४९ पासून ते दूरचित्रवाणीवर दाखविले जाऊ लागताच तो बालप्रेक्षकांचा आवडता नायक बनला. जुन्या चित्रपटांत किती द्रव्य दडले आहे, याची जाणीव या यशाने प्रथम करून दिली.

१९५५ मध्ये हॉवर्ड ह्यूझ याने आरकेओ ही संस्था विकली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे सु. ७४० चित्रपट दीड कोटी डॉलरना दूरचित्रवाणीसाठी विकले गेले. १९५६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने १९५० पूर्वीचा आपला संग्रह २ कोटी १० लाख डॉलरना विकला. मेट्रो-गोल्डविन-मायरने संग्रह न विकता तो भाड्याने देण्यास सुरुवात केली, तर पॅरामाउंटने १९५८ मध्ये आपले जुने बोलपट सु. ५ कोटी डॉलरना एमसीए या संस्थेस दिले. अशा रीतीने तीन-चार वर्षांच्या अवधीत दोन दशकांचे अमेरिकन चित्रपट रात्रीच्या उशिराच्या कार्यक्रमांतून घरोघरी दिसू लागले. क्लार्क गेबल, बेटी डेव्हिस, हंफ्री बोगार्ट, ग्रेटा गार्बो यांच्या तरुणपणीच्या भूमिका त्यांच्या चाहत्यांच्या मुलांनी या मार्गाने प्रथम पाहिल्या.

कलावंतांचा वाटा : या विक्रीतून बहुतेक कलावंतांना काहीही मिळाले नाही. जुन्या करारांत दूरचित्रवाणीचा उल्लेखच नव्हता. ऑगस्ट १९४८ नंतरच्या चित्रपटांबाबत मात्र कलावंतांच्या संघटनांनी हक्क सांगितला असल्यामुळे आरंभीच्या विक्रीत प्रामुख्याने त्यापूर्वीचे चित्रपट आले. १९३० ते १९४८ हाच काळ प्रेक्षकांच्या मनात ‘जुने हॉलिवुड’ म्हणून ठसण्याचे हे एक व्यावहारिक कारण होय. पुनःप्रदर्शनाच्या मानधनासाठी चित्रपट-अभिनेत्यांच्या संघटनेने १९६० मध्ये मार्च-एप्रिलात संप केला. रॉनल्ड रेगन हा त्या वेळी संघटनेचा अध्यक्ष होता. तडजोडीनुसार १९६० नंतरच्या चित्रपटांसाठी कलावंतांना मानधन मिळू लागले. १९४८ ते १९६० या काळातील चित्रपटांबद्दल सु. २२ लाख ५० हजार डॉलरची एकरकमी भर संघटनेच्या निवृत्तिवेतन व आरोग्यविषयक निधीत घालण्यात आली. त्याहून जुन्या चित्रपटांतील नटनटींच्या वाट्यास केवळ नव्याने लाभलेली कीर्ती आली. स्टॅन लॉरेल (१८९०–१९६५) व ऑलिव्हर हार्डी (१८९२–१९५७) या जोडीचे विनोदी लघुपट हजारो वेळा प्रक्षेपित झाले. परंतु त्यांचे हक्क त्यांच्याकडे नसल्याने त्यांना त्याचा आर्थिक लाभ झाला नाही. याउलट, चॅप्लिनने आपल्या प्रमुख चित्रपटांचे स्वामित्व स्वतःकडे ठेवले होते. साहजिकच त्यांचे पुनःप्रदर्शन केव्हा व कसे व्हावे, हे तो ठरवू शकला.

पुनर्मूल्यांकन : दूरचित्रवाणीवरील वारंवार प्रदर्शनामुळे काही चित्रपटांचे स्थान पूर्णतः बदलले. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटास प्रथम प्रदर्शनात तोटा आला होता. ३ नोव्हेंबर १९५६ रोजी तो दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविण्यात आला आणि १९५९ पासून जवळजवळ दरवर्षी होणारे त्याचे प्रक्षेपण हा अमेरिकन कुटुंबांतील एक वार्षिक सोहळाच बनला. जूडी गार्लंड (१९२२–६९) ही नंतरच्या पिढ्यांना प्रामुख्याने या चित्रपटातील बालिका म्हणूनच परिचित आहे. फ्रँक कॅप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) हाही प्रथम फारसा यशस्वी झाला नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावयाचे राहून गेले. परिणामतः कोणतेही केंद्र तो विनामूल्य दाखवू शकत असे. नाताळच्या दिवसांत तो अनेक केंद्रांवरून पुनःपुन्हा दाखविला गेला आणि त्या सणाचे एक अविभाज्य अंग बनला. १९९३ मध्ये मूळ कथेच्या व संगीताच्या हक्कांच्या आधारे त्यावर पुन्हा नियंत्रण प्रस्थापित झाले. कार्यालयीन अनवधानातून एखादी कलाकृती अभिजात ठरल्याचे असे उदाहरण विरळाच आढळते.

चित्रपटगृहांतूनही हा पुनःशोध चालू होता. मॅसॅचूसेट्‌स राज्यातील केंब्रिज येथील ब्रॅटल थिएटरात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘कॅसाब्लांका’ (१९४२) आणि बोगार्टचे (१८९९–१९५७) इतर चित्रपट दाखविले जात. हार्व्हर्डचे विद्यार्थी परीक्षांच्या काळात तेथे गर्दी करीत व संवाद पडद्याबरोबर म्हणत. मूकपटांतील विनोदी अभिनेता बस्टर कीटन (१८९५–१९६६) याचे विस्मृतीत गेलेले चित्रपट याच सुमारास पुन्हा उजेडात आले. १९६५ मध्ये व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवात प्रेक्षकांनी त्याचा उत्स्फूर्त गौरव केला. वीस वर्षे अमेरिकेबाहेर राहिलेला चॅप्लिन १९७२ मध्ये ऑस्करचा सन्मान स्वीकारण्यासाठी परतला.

हॉलिवुडने आपल्या भूतकाळावर स्वतःही चित्रपट काढले. बिली वाइल्डरच्या ‘सनसेट बूलव्हार्ड’मध्ये (१९५०) मूकपटांतील विस्मृत नायिकेची भूमिका ग्लोरिया स्वॉन्सन (१८९९–१९८३) या त्या युगातील प्रत्यक्ष नायिकेनेच केली असून कीटन व एरिख फोन श्ट्रोहाइम हेही त्यात दिसतात. ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’ (१९६२) या चित्रपटात जोन क्रॉफर्डने रंगविलेली अपंग नटी आपलाच जुना चित्रपट दूरचित्रवाणीवर पाहताना दाखविली आहे. पडद्यावरील ते दृश्य क्रॉफर्डच्याच १९३४ मधील चित्रपटाचे होते. कायम तरुण राहिलेली प्रतिमा व वार्धक्याकडे झुकलेले माणूस यांतील अंतर दूरचित्रवाणीने कसे उघडे केले, याचे हे मार्मिक चित्रण होय.

दूरचित्रवाणीचा स्वतःचा भूतकाळ : आरंभीचे बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. मिल्टन बर्ल (१९०८–२००२) याचा विनोदी कार्यक्रम, एड सलिव्हनचा विविध करमणुकीचा कार्यक्रम (१९४८–७१), ‘स्टुडिओ वन’सारख्या नाट्यमाला हे त्यांत प्रमुख होते. पॅडी चायेफ्स्कीचे ‘मार्टी’ हे १९५३ मधील दूरचित्रवाणी-नाटक एवढे गाजले, की १९५५ मध्ये त्यावर निघालेल्या चित्रपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले. पडद्यावर उमटणाऱ्या चित्राचे फिल्मवर पुन्हा चित्रण करणे एवढाच त्या काळी अशा कार्यक्रमांच्या नोंदीचा मार्ग होता व त्यांतील चित्र अस्पष्ट येई. १९५६ मध्ये चित्रफितीचे तंत्र उपलब्ध झाले. तथापि फिती महाग असल्यामुळे जुने कार्यक्रम पुसून त्या पुन्हा वापरल्या जात. जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’च्या पहिल्या दहा वर्षांतील (१९६२–७२) बहुतेक भाग अशा प्रकारे नाहीसे झाले. ड्यूमॉंट (१९४६–५६) या संपूर्ण प्रक्षेपणजाळ्याच्या कार्यक्रमांपैकी फारच थोडे आज पाहावयास मिळतात.

‘आय लव्ह ल्यूसी’ (१९५१–५७) ही मालिका याला अपवाद ठरली. ल्यूसिल बॉल (१९११–८९) व तिचा पती डेझी आर्नाझ (१९१७–८६) यांना हॉलिवुड सोडून न्यूयॉर्कला जावयाचे नव्हते. म्हणून त्यांनी प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिमी. फिल्मवर चित्रण करण्याची पद्धत अवलंबिली आणि वाढीव खर्चासाठी कमी मानधन स्वीकारून फिल्मचे स्वामित्व स्वतःकडे घेतले. ज्येष्ठ छायालेखक कार्ल फ्रॉइंड याने प्रकाशयोजनेची जबाबदारी सांभाळली. १९ जानेवारी १९५३ रोजी प्रक्षेपित झालेला, ल्यूसीच्या बाळंतपणाचा भाग दूरचित्रवाणी संच असलेल्या सु. ७२ टक्के घरांत पाहिला गेला. उत्तम प्रतीची फिल्म उपलब्ध असल्यामुळे ही मालिका पुढील अनेक दशके पुनःपुन्हा दाखविली गेली आणि पुनःप्रक्षेपणाचा व्यवसाय तिच्यामुळे स्थिरावला. मालिकेच्या उत्पन्नातून या दांपत्याच्या ‘डेझीलू’ संस्थेने १९५७ मध्ये आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले. ल्यूसिल बॉल एके काळी त्याच संस्थेत कराराने काम करणारी नटी होती.

संग्रह व जतन : १९७० च्या दशकात या ओढीस व्यापक रूप प्राप्त झाले. १९७० मध्ये मेट्रो-गोल्डविन-मायरने आपली जुनी वेशभूषा व सामग्री लिलावात काढली. ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधील माणिकरंगी पादत्राणांचा एक जोड त्या वेळी १५,००० डॉलरना गेला; अशाच दुसऱ्या एका जोडास डिसेंबर २०२४ मधील लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरची बोली मिळाली. याच संस्थेच्या संगीतपटांतील वेच्यांचा ‘दॅट्स एंटरटेनमेंट!’ (१९७४) हा चित्रपट व १९५० च्या दशकातील जीवनावरील ‘हॅपी डेज’ (१९७४–८४) ही मालिका लोकप्रिय झाली. मोडकळीस आलेली टेकडीवरील ‘हॉलिवुड’ ही अक्षरे १९७८ मध्ये देणग्यांतून नव्याने उभारण्यात आली.

जतनाचे कार्य मात्र उशिरा सुरू झाले. सु. १९५१ पर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असून कालांतराने ती आपोआप विघटित होते. १९३७ मध्ये न्यू जर्सी राज्यातील फॉक्सच्या भांडारास आग लागून तिच्या मूकपटांचा मोठा साठा भस्मसात झाला. थीडा बारा (१८८५–१९५५) या तत्कालीन अग्रगण्य नायिकेने सु. ४० चित्रपटांत काम केले होते. त्यांपैकी मोजकेच उरले असून तिच्या ‘क्लीओपात्रा’ (१९१७) या चित्रपटाचे केवळ काही तुकडे शिल्लक आहेत. तिचे नाव सामान्य प्रेक्षकांस आज ठाऊक नाही, याचे कारण मुख्यतः हेच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने आयरिस बॅरीच्या पुढाकाराने १९३५ मध्ये चित्रपट-संग्रह सुरू केला. टेड टर्नर याने १९८६ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मायरचा संग्रह घेऊन त्यातील कृष्णधवल चित्रपट संगणकाच्या साहाय्याने रंगीत करण्यास आरंभ केला. त्यावर जॉन ह्यूस्टन, जेम्स स्ट्यूअर्ट प्रभृतींनी तीव्र आक्षेप घेतले. या वादातून १९८८ चा राष्ट्रीय चित्रपट-जतन कायदा संमत झाला व दरवर्षी २५ चित्रपटांची राष्ट्रीय सूचीत नोंद करण्याची प्रथा पडली. टर्नरच्याच ‘टर्नर क्लासिक मूव्हीज’ (१९९४) या वाहिनीने पुढे जुने चित्रपट मूळ स्वरूपात दाखविण्याचे धोरण स्वीकारले.

भारतातील परिचय : भारतात हा परिचय भिन्न मार्गाने झाला. मुंबईतील ‘मेट्रो’ हे चित्रपटगृह मेट्रो-गोल्डविन-मायरने १९३८ मध्ये स्वतः उभारले. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यामुळे जुन्या हॉलिवुडची येथील स्मृती दीर्घकाळ दूरचित्रवाणीपेक्षा चित्रपटगृहांशीच निगडित राहिली. १९९५ मध्ये ‘टीएनटी’ ही वाहिनी भारतात दिसू लागल्यावर मेट्रो-गोल्डविन-मायरचे जुने चित्रपट येथील घरांतही रात्री पाहावयास मिळू लागले.

मूल्यमापन : स्मरणरंजन हे स्वभावतः निवडक असते. ‘गॉन विथ द विंड’मधील (१९३९) भूमिकेसाठी ऑस्कर मिळविणारी हॅटी मॅक्‌डॅनिएल ही पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री, परंतु १९४० च्या त्या समारंभात तिला वेगळ्या टेबलाशी बसावे लागले आणि वंशभेदाच्या नियमांमुळे अटलांटा येथील पहिल्या खेळास ती उपस्थित राहू शकली नव्हती. चिनी वंशाच्या ॲना मे वाँगला (१९०५–६१) चिनी शेतकरी कुटुंबावरील ‘द गुड अर्थ’ची (१९३७) नायिका होता आले नाही, ती भूमिका लुइझ रायनर या यूरोपीय अभिनेत्रीस मिळाली. २०२२ मध्ये वाँगची मुद्रा अमेरिकन नाण्यावर उमटली. ‘अमॉस अँड अँडी’ (१९५१–५३) या मालिकेचे पुनःप्रक्षेपण कृष्णवर्णीयांच्या विकृत चित्रणाबद्दलच्या आक्षेपांमुळे १९६६ मध्ये थांबविण्यात आले.

तथापि या ओढीचे उपकारही नाकारता येणार नाहीत. जुन्या चित्रपटांना प्रेक्षक व बाजारपेठ लाभली, म्हणूनच बोलपटांच्या युगातील बहुतांश प्रमुख चित्रपट टिकून राहिले. मूकपटांना तशी बाजारपेठ वेळीच मिळाली नाही. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत निर्माण झालेल्या सु. ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात संपूर्ण उपलब्ध आहेत. लुप्त झालेल्या चित्रपटांतील कलावंतांच्या वाट्यास हे स्मरणरंजनही येऊ शकत नाही.